झोपून घेतलेलं माप

परवा आमच्या वन्संच्या शिवणाच्या दुकानात एक जाडजूड गृहस्थ कापायच्या टेबलावर उताणे पडले होते. बूट काढून ठेवलेले, चष्मा छातीवर, आणि चेहऱ्यावर 'मी हा कुठे येऊन पडलो' असा भाव. वन्सं टेप घेऊन त्यांच्याभोवती फिरत होत्या आणि मधूनमधून दटावत होत्या, "पोट आत ओढू नका हो. आजारी माणूस पोट आत ओढत नाही." त्या गृहस्थांचे थोरले भाऊ ऑपरेशन होऊन हॉस्पिटलात पडलेले, दोघांचा बांधा एक, म्हणून माप द्यायला हे आले होते. जगातला कुठलाही शिंपी माप घेताना सांगतो, ताठ उभे राहा. आमच्या वन्सं सांगतात, आडवे व्हा.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं ते मीच सांगते. वन्सं स्वतः सांगायला लागल्या की त्यात माझं नाव कुठेच येत नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नणंद म्हटलं की ऐकणारे आधीच माझ्याकडे दयेनं बघतात, पण तसं काही नाही. आम्ही भांडतो ते बरोबरीनं भांडतो. लग्न त्यांनी केलं नाही. "मापात बसणारा मिळाला नाही," असं त्याच सांगतात आणि वर स्वतःच हसतात. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. नाकावर माशी बसू देत नाहीत, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, पण हातात कात्री आली की एकदम गप्प. कापड कापताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपत नाही. त्या वेळी घराला आग लागली तरी मी कात्री खाली ठेवली जाईपर्यंत थांबेन.

त्यांचं ब्रीद एकच, कपडा अंगाबरोबर बसला पाहिजे. सैल कपडा हा त्यांच्या मते शिंप्याचा आळस. त्यांनी शिवलेल्या ड्रेसात वाऱ्यालासुद्धा परवानगी काढून शिरावं लागतं. गल्लीत त्यांना फिटिंगबाई म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

आणि आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, वन्संचे वडील. ते कोर्टात पट्टेवाले होते. न्यायाधीश साहेब निघाले की त्यांच्या पुढे चालायचं, गर्दी बाजूला करायची, हे त्यांचं काम. म्हणजे साहेबांना रोज दिसायची ती मामंजींची पाठ. त्यामुळे कोटाला पुढून एखादी सुरकुती त्यांना चालायची, मागून मुळीच नाही. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी साधं दूध आणायला निघाले तरी आरशाकडे पाठ करून, मान वळवून बघतात. माझा नवरा एकदा म्हणाला, "बाबा, दूधवाला मागून बघत नाही." त्यावर मामंजी म्हणाले, "परत येताना बघतो."

अशा माणसाच्या आतड्याला पीळ पडला. रातोरात नाही, दोन दिवस दुखणं लपवलं, मग आडवे पडले. पोट उघडावं लागलं. ऑपरेशन छान झालं, सर्जन हसत बाहेर आले, आम्ही देवाचे आभार मानले आणि संकट टळलं असं समजून कँटीनमध्ये जाऊन चहासुद्धा प्यायलो.

खरं संकट त्या हॉस्पिटलच्या झग्यात होतं. तो झगा तुम्ही पाहिला असेल. पुढून बंद, मागून उघडा. मानेशी एक नाडी, कमरेशी एक, आणि कमरेची बहुतेक तुटलेली. मामंजींच्या झग्याची तर कमरेची नाडी नव्हतीच, नुसता दोऱ्याचा शेंडा होता.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर आल्या. चांगल्या उंच, दणकट बाई, हसल्या की खिडकीच्या काचा हलतील अशा. म्हणाल्या, "चला आजोबा, उठायचं. दारापर्यंत जाऊन येऊ." मामंजी म्हणाले, दुखतंय. दुपारी म्हणाले, चक्कर येते. संध्याकाळी झोपेचं सोंग घेतलं. सोंग घेतलेल्या माणसाला जागं करता येत नाही म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पाय हलवायला तयार नाहीत. चादर दोन्ही बाजूंनी अंगाखाली इतकी घट्ट खोचून घेतलेली, की पार्सल करून पाठवायचं होतं की काय कोण जाणे.

मग सर्जननी वन्संना आणि मला बाजूला घेतलं. या खेपेला ते हसत नव्हते. "जखम चांगली आहे," ते म्हणाले, "पण ते चालले नाहीत तर आतडी कामाला लागणार नाहीत आणि छातीत कफ धरेल. आत्ताच थोडा खोकला आहे. या वयात न्यूमोनिया झाला तर मला फार काही करता येणार नाही. काहीही करा, त्यांना उभं करा."

वन्सं तशाच मामंजींच्या उशाशी गेल्या. "बाबा, खरं सांगा. दुखतंय की दुसरं काही?"

मामंजींनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. "मागून उघडं आहे गं. आणि समोर बायकांचा वॉर्ड आहे."

"मग चादर गुंडाळा."

"एका हातात सलाईनचा स्टँड धरायचा. दुसऱ्यानं चादर धरायची. पडलो तर काय धरायचं?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, कारण माणूस मरणापेक्षा लाजेला जास्त भितो हे असं समोर पलंगावर पडलेलं होतं. वन्सं मात्र खुलल्या. "एवढंच ना?" म्हणाल्या. "कपड्याचाच प्रश्न आहे ना? मग मी कशाला आहे?"

घरी येऊन त्यांनी मामंजींचा कोर्टातला जुना कोट खुंटीवरून काढला, त्यावरून माप घेतलं आणि चांगलं मऊ सुती कापड काढून कामाला बसल्या. पाठ पूर्ण बंद, खांदे नेमके, कॉलर, मनगटाशी पट्टी, पुढे बटणं. गुडघ्यापर्यंत लांब. शिवून झाल्यावर माझ्या नवऱ्याला घालून उभं केलं, तो बापाच्याच बांध्याचा. काय सुरेख दिसत होता तो कोट! नवरा म्हणाला, "ताई, मला असाच एक शीव, मीही ऑपरेशन करून घेतो."

हॉस्पिटलात तो कोट उघडून दाखवला तेव्हा मामंजींचे डोळे चमकले. त्यांनी पाठीकडची बाजू बोटांनी चाचपली आणि मान डोलावली. आता फक्त घालायचं बाकी. आणि तिथेच सगळं अडलं. एका हाताला सलाईन, ती बाही अंगाबरोबरची, त्यातून हात जाणार कसा? सिस्टर म्हणाल्या, "बाटलीच बाहीतून ओवायची का?" तीही ओवून बघितली, बाटली दंडाशीच अडकली. दुसरा हात घालायला मामंजींनी कोपर मागे नेलं आणि पोटातून अशी कळ आली की त्यांचा चेहरा पांढरा पडला. ऑपरेशननंतर पोट फुगलेलं, त्यामुळे बटणं काजांपर्यंत पोचेनात. आणि कुशीतून एक नळी बाहेर आलेली, तिच्या टोकाला पिशवी, तिला तर या कोटात कुठे थाराच नव्हता.

शेवटी कोट सलाईनच्या स्टँडवर टांगला. येणारेजाणारे त्याचं कौतुक करू लागले. शेजारच्या पलंगावर एक रिटायर्ड ड्रायव्हर होते, ते म्हणाले, "सिस्टर, डॉक्टरांना विचारा, नुसता कोट फिरून आला तर चालेल का?" सगळा वॉर्ड हसला. मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं आणि ते खोकले. त्या खोकल्यानं आमच्या दोघींचं हसणं पार पळालं.

वन्संनी बाहेर येऊन आधी सलाईनला नावं ठेवली, मग हॉस्पिटलला, मग माझ्या नवऱ्याला, की तू घातलास तेव्हा बरा बसला. नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांचा हात कोटाच्या काजावर एकसारखा फिरत होता, आणि त्या खाली बघत होत्या. वन्संना मी कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. मी जीभ आवरली.

सिस्टर आमच्याजवळ येऊन टेकल्या. "बाई, कोट झकास आहे हो," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही उभ्या माणसाचा शिवलात. आमची माणसं आडवी असतात. तुम्ही असं करा, आज दुपारभर वॉर्डात बसा. आम्ही काय काय करतो ते बघा."

एरवी कुणी शिवणातलं सांगायला आलं तर वन्सं त्याचं माप काढतात. त्या दिवशी मुकाट्यानं स्टूल ओढून बसल्या. सिस्टर जखम बघायला आल्या की झगा पार गळ्यापर्यंत वर करावा लागतो, ते त्यांनी पाहिलं. चादर बदलताना माणसाला एका कुशीवर वळवून अर्धी चादर सरकवतात, मग दुसऱ्या कुशीवर, तेही पाहिलं. बटणांबद्दल विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, धुलाईच्या मशीनमध्ये फुटतात. धातूची टिचबटणं? गंजतात, आणि इस्त्रीत तापून बसतात. लांब नाड्या? चाळीस झगे एकमेकांच्या गळ्यात पडून बाहेर येतात, सोडवत बसावं लागतं. नाडी हवी, पण रुंद आणि आखूड. वन्संनी प्रत्येक उत्तराला 'हं' म्हटलं. इतके 'हं' त्यांच्या तोंडून मी उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते.

घरी आल्याबरोबर मला म्हणाल्या, "चढ टेबलावर."

"मी?"

"मग काय गिऱ्हाइकाला झोपवू? चढ."

मी आडवी झाले. वन्संनी माझ्या मनगटाला लांब नाडी बांधून तिचं दुसरं टोक पंख्याच्या बटणाला अडकवलं, ते सलाईन. कमरेला रबराची गरम पाण्याची पिशवी पिनेनं अडकवली, ती नळीची पिशवी. पोटावर उशी ठेवली, ती सूज. "आता हा कोट घाल, पण पोटाला ताण द्यायचा नाही. दिलास तर मेलीस." मी कण्हत, कुथत खटपट करत होते, तेवढ्यात फ्रॉक न्यायला एक बाई आल्या, माझ्याकडे बघून किंचाळल्या आणि फ्रॉक न घेताच गेल्या. तो फ्रॉक अजून आमच्याकडे आहे.

पण त्या झोपण्यात एक गोष्ट कळली, आणि ती मला कळली, हे लिहून ठेवते. मी म्हटलं, "वन्सं, पाठीला मधोमध काहीतरी रुततंय." बघतो तर शिवण! उभ्या माणसाला पाठीची शिवण कधी जाणवत नाही. जो दिवसरात्र तिच्यावर पडून आहे त्याला ती दोरीसारखी लागते. वन्सं म्हणाल्या, "पाठ एका तुकड्याची."

पाठ सुचली, पण माणूस आत कसा घालायचा ते सुचेना. तेवढ्यात समोरच्या घरातली नवी आई बाळाला घेऊन आली. गल्लीत मूल जन्मलं की वन्सं उरल्यासुरल्या मऊ चिंध्यांतून त्याला झबली शिवतात, ती न्यायला ती आली होती. बाळ गाढ झोपलेलं. वन्संनी झबलं टेबलावर उघडून पसरलं, बाळाला अलगद त्यावर ठेवलं, दोन्ही पदर पोटावर एकावर एक आणले आणि बगलेशी नाडी बांधली. बाळानं नुसती जीभ बाहेर काढली आणि परत आत घेतली.

मी म्हटलं, "अगंबाई, उठलंसुद्धा नाही!"

वन्संचा हात नाडीवरच थांबला. त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आजतागायत त्या म्हणतात की ते त्यांना आधीच सुचलं होतं. म्हणोत बापड्या. त्यांनी नवीन आईला बाळासकट जवळजवळ ढकलूनच दाराबाहेर काढलं, आणि मला म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. बाबांच्या समोर झबलं हा शब्द काढायचा नाही. कोट म्हणायचं. कोर्टात पट्टा बांधलेला माणूस आहे तो. झबलं म्हटलं तर जन्मात अंगाला लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी वन्सं टेप घेऊन वॉर्डात गेल्या. बाप आडवा, लेक उभी. शिंपणीचं सगळं शिक्षण तिथे उलटं झालं. आडव्या माणसाची मान आखूड होते, खांदे वर चढतात, पोट बाजूंना पसरतं. वन्सं बोटांनी चाचपत, जखम टाळत माप घेत होत्या. मामंजींनी डोळे मिटून घेतले होते. "मोज," ते म्हणाले, "पण माझ्याकडे बघू नकोस." वन्सं म्हणाल्या, "मी टेपकडे बघतेय, बाबा." खोटं होतं ते. त्या त्यांच्या फासळ्यांकडे बघत होत्या, त्या मोजता येत होत्या, आणि वन्संचे डोळे भरले होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

कपडा दुपारपर्यंत झाला. पाठ एका तुकड्याची. पुढे दोन रुंद पदर, पोट फुगलं तरी पुरतील असे, बगलेशी रुंद आणि आखूड नाडी. बाह्या गळ्यापासून मनगटापर्यंत उघड्या, हात नुसता मध्ये ठेवायचा आणि वरून छोट्या नाड्या बांधायच्या, सलाईन राहतं जागच्या जागी. कुशीला एक फट, आणि आतल्या बाजूला खिसा, त्यात नळीची पिशवी. सिस्टरना जखम बघायची तर एक पदर बाजूला केला की झालं. सगळं सैल. आमच्या वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा सैल कपडा शिवला आणि चार जणांत घेऊन निघाल्या, हे काय कमी झालं?

सिस्टरनी मामंजींना एका कुशीवर वळवलं, कपडा सरकवला, दुसऱ्या कुशीवर वळवलं. पदर एकावर एक आले. मामंजींना एकदाही 'आई गं' म्हणावं लागलं नाही. ते स्वतःच्या छातीकडे बघत होते.

"कोट कसा वाटतो, मामंजी?" मी विचारलं. "हे झब... हा कोट?"

वन्संनी मला असा चिमटा काढला की दंड आठवडाभर निळा होता. मामंजींनी एक हात मागे नेला आणि पाठ, कंबर, त्याच्या खाली, सगळं सावकाश चाचपून पाहिलं. बंद होतं. मग त्यांनी चादर आपल्या हातानं बाजूला केली आणि म्हणाले, "सिस्टर, स्टँड इकडे द्या."

उठताना कण्हले. स्टँड घट्ट धरून उभे राहिले. सिस्टर एका बाजूला, वन्सं मागे. एक पाऊल टाकलं, थांबले. आणखी एक. शेजारचे ड्रायव्हर उशीवर कोपर टेकून बघत होते, पण या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही. म्हणाले, "सावकाश घ्या, पुढे रस्ता मोकळा आहे." मामंजी दारापर्यंत गेले. मला वाटलं तिथून परततील. ते दाराबाहेर गेले. समोर बायकांचा वॉर्ड, दार उघडं, दोनतीन जणी पलंगावर बसलेल्या. मामंजी त्यांच्यासमोरून ताठ मानेनं, आपल्या गतीनं पुढे गेले. मी भिंतीला टेकून उघड उघड रडत होते आणि त्याची मला काही लाज वाटत नव्हती.

बोळाच्या टोकाला खिडकी होती तिथे ते थांबले. दम लागला होता. खोकले, चांगले खोलवर खोकले, आणि सिस्टर म्हणाल्या, "वा, मोकळं होतंय." मग मामंजींनी मान वळवली.

"झबलं आहे ना हे?" ते म्हणाले.

मी जमिनीकडे बघू लागले.

"कोट आहे, बाबा," वन्सं म्हणाल्या.

"मला शिकवू नकोस. तुझी आई असंच बेतायची. तिचे हात शिवणात गुंतलेले असायचे, मग तुझ्या झबल्याच्या नाड्या मी बांधायचो. कोर्टात जायच्या आधी, रोज." त्यांनी बगलेशी बोट लावून दाखवलं. "ही बघ, सुटत आलीय. मी तुझी इतकी सैल बांधत नव्हतो."

वन्सं पुढे झाल्या. मामंजींनी हात जरासा वर उचलून धरला, त्यांना जमेल तेवढाच. वन्संनी नाडी सोडली आणि पुन्हा बांधली, घट्ट, पण टोचणार नाही अशी. गाठ मनासारखी बसेपर्यंत जरा वेळ लागला. मामंजी न हलता उभे राहिले, त्यांनी घाई केली नाही.

"हं," ते म्हणाले. "आता चल." आणि आम्ही परत फिरलो.